किल्ल्यांची खोली

भिलाईच्या सेक्टर 10 मधील श्रोत्यांना प्रवेशपत्राचा अर्थ समजावून सांगणे नको. फाटकातून आत येण्याची अनुमती म्हणजे झोतभट्टीच्या नियंत्रणकक्षात शिरण्याची अनुमती नव्हे. संगणकातही अधिकारांची अशीच उतरंड असते.

‘जेनकिन्स’ ही प्रणाली सॉफ्टवेअरची जुळणी, चाचणी व रवानगी आपोआप करते. कोहसुके कावागुची यांनी ती ‘हडसन’ या नावाने आरंभिली. 2011 मध्ये तिचे नामांतर झाले. अनेक यंत्रांवर काम करावयाचे असल्याने त्यांच्या किल्ल्या तिच्याचपाशी ठेवाव्या लागतात. जानेवारी 2024 मध्ये तिच्यातील एक दोष जाहीर झाला. आज्ञेत ‘ॲट’ चिन्हापुढे एखाद्या फाइलचा पत्ता लिहिला, की त्या जागी फाइलमधील मजकूरच येई. मुळात ही एक सोय होती! परक्यालाही त्यातून काही ओळी वाचता येत. केवळ पाहण्याचा अधिकार असलेल्यास संपूर्ण फाइल. गुप्त किल्ली अशी हाती लागली, की व्यवस्थापकाचे आसन फारसे दूर राहत नसे.

31 जुलै 2024 रोजी मुंबईच्या राष्ट्रीय देयक निगमाने ‘सी-एज’ या कंपनीला आपल्या जाळ्यापासून अलग केले. सुमारे 300 लहान बँकांच्या, मुख्यतः सहकारी व ग्रामीण बँकांच्या, ग्राहकांचे व्यवहार अडले. कारण होते खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला. ‘क्लाउडसेक’ या संस्थेच्या निष्कर्षानुसार शिरकाव ‘ब्राँटू’ या सहयोगी कंपनीच्या, नीट न राखलेल्या जेनकिन्स यंत्रातून झाला. सेवा दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाली. दोषाची दुरुस्ती मात्र जानेवारीपासूनच उपलब्ध होती.