जीवदयेला ज्ञानाची जोड

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी शिक्षण मेळाव्यात केलेले भाषण)

 

ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी केलाच आहे. मी एका लहानशा, परंतु आपल्याला लवकरच ज्याचा निर्णय घ्यावयाचा आहे, अशा प्रश्नावर बोलणार आहे. यंदा शिष्यवृत्ती समितीकडे आपल्या समाजातील एका मुलीचा अर्ज आला. तिला विद्यापीठात प्राणिवर्तनशास्त्र, म्हणजे प्राण्यांच्या वागण्याचे शास्त्र शिकावयाचे आहे. त्यावर दोन आक्षेप निघाले. एक, या विषयात हिंसा आहे. दुसरा, याचा उपयोग काय? पहिला आक्षेप माझाच होता. अर्ज अद्याप समितीपुढे आहे. आणि माझे मत का बदलले, हे आपणा सर्वांसमोर सांगणे मला कर्तव्य वाटते.

मी बी.कॉम. झालेला कापडाचा व्यापारी. जीवशास्त्र म्हटले की टाचण्या मारून उताणा ठेवलेला बेडूक एवढेच माझ्या डोळ्यांपुढे येई. मुलीने मला शांतपणे सांगितले, "काका, प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्येच दिल्या आहेत. आणि माझ्या विषयात प्राणी मेला की अभ्यासच संपला. त्याचे खरे वागणे पाहायचे तर तो जिवंत आणि निर्भय असायला हवा." या उत्तराने मी निरुत्तर झालो आणि या विषयावर वाचू लागलो.

या शास्त्राला १९७३ मध्ये जगन्मान्यता मिळाली. कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लोरेंझ आणि निको टिनबर्गन यांना त्या वर्षीचे नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रिश यांनी काचेच्या भिंतीच्या मधपेटीत मधमाश्यांना रंगाचे ठिपके लावून वर्षानुवर्षे निरीक्षण केले. फुलोरा सापडलेली माशी पोळ्यावर नाच करते. अंग हलवीत ती ज्या दिशेने सरळ चालते, त्या रेषेचा उभ्या रेषेशी होणारा कोन सूर्याच्या संदर्भात फुलोऱ्याची दिशा सांगतो. अंग हलवीत ती सरळ चाल किती वेळ चालते, त्यावरून अंतर कळते. आपण मध वर्ज्य मानतो, कारण त्यात जीवांची हानी आहे. त्या जिवाला अशी भाषा आहे, हे मात्र मला साठीनंतर कळले.

तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांच्या चढत्या क्रमाने कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य अशी उदाहरणे दिली आहेत. आपल्या आचार्यांनी जिवांकडे किती बारकाईने पाहिले होते! मुंगीलाही वेदना आहे, हे आपण श्रद्धेने मानत आलो. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे अनेक शास्त्रज्ञांनी एका घोषणापत्रावर सह्या केल्या. कीटकांनाही जाणिवेचा अनुभव असण्याची वास्तव शक्यता आहे आणि त्यांच्याविषयी निर्णय घेताना ती डावलणे योग्य नाही, असे त्यात म्हटले आहे. विज्ञान आता आपल्या उंबरठ्यापर्यंत आले आहे. आपण दार लावून घ्यावे काय?

आपल्या जवळचे एक उदाहरण देतो. तारेवर बसणाऱ्या हिरव्या पक्ष्याला आपण वेडा राघू म्हणतो. त्याचे घरटे मातीच्या दरडीतील बिळात असते. पुण्याचे प्रा. मिलिंद वाटवे आणि त्यांचे सहकारी यांनी या पक्ष्यावरील अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. मनुष्य जेथून घरटे पाहू शकतो अशा जागी उभा असेल, तर पक्षी घरट्यात जाण्याचे टाळतो. तितक्याच अंतरावर, पण घरटे दिसत नाही अशा जागी तो उभा असेल, तर पक्षी अधिक निःशंकपणे जातो. समोरच्याला काय दिसते याचा विचार करणारा हा जीव वेडा कसा? या अभ्यासाला लागले ते डोळे, चिकाटी आणि चोख नोंदी. आम्ही व्यापारी रोजमेळात घडले तेवढेच लिहितो, अंदाज लिहीत नाही. हे विद्यार्थीही तेच करतात.

मात्र सत्य सांगावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी १९५० च्या दशकात माकडांची पिल्ले जन्मल्यावर काही तासांतच आईपासून तोडली. त्यांना दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची आणि एक टर्किश टॉवेलच्या कापडाने मढविलेली. दुधाची बाटली तारेच्या आईकडे असली, तरीही पिल्ले बहुतेक वेळ कापडाच्या आईलाच बिलगून राहत. माझे आयुष्य कापड मोजण्यात गेले. पण हे वाचल्यावर त्या दिवशी दुकानात ठाणाला हात लावताना मन भरून आले. पिल्लाला दुधाइतकीच मायेची ऊब हवी, हे ज्ञान मोलाचे खरे. परंतु ते ज्या मार्गाने मिळविले, तो आपला मार्ग नव्हे.

करणे, करविणे आणि अनुमोदणे, तिन्हींचा दोष आपण मानतो. शिष्यवृत्ती देणे हेही एक अनुमोदनच. म्हणून माझी सूचना अशी की, ही शिष्यवृत्ती द्यावी. मात्र जिवाला इजा न करता, निरीक्षणाने होणाऱ्या अभ्यासासाठी द्यावी. आपली मुले त्या दालनाबाहेरच राहिली, तर "हे ज्ञान कोणत्या मार्गाने मिळविले?" असे तेथे विचारणार कोण?

आता उपयोगाविषयी. इंग्लंडमध्ये १९७९ मध्ये पाळीव जनावरांसाठी पाच स्वातंत्र्ये मांडली गेली. भूक-तहान, गैरसोय, वेदना व रोग, आणि भय यांपासून मुक्ती ही चार. पाचवे, आपल्या जातीच्या स्वभावानुसार वागण्याची मोकळीक. आपल्या पांजरपोळीत आपण चारा, पाणी आणि औषध श्रद्धेने देतो. पण गाय हा कळपात राहणारा जीव आहे. ती एकटी बांधली तर तिला काय होते, नव्या जनावराला कळपात कसे सामावून घ्यावे, कोणते जनावर मुकाट्याने वेदना सोसत आहे, हे ओळखणारा माणूस आपल्याकडे आहे काय? ही मुलगी शिकून आली, तर पहिला लाभ त्या मुक्या जिवांना होईल.

आपल्या पूर्वजांनी पांजरपोळी उभारल्या, त्या जिवाला जगविण्यासाठी. आता त्या जिवाला जाणून घेण्याची पाळी आपल्या पिढीची आहे. दयेच्या आधी ज्ञान हवे, ही शिकवण आपल्याला नवी नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात या अर्जावर मंजुरीची सही व्हावी, अशी माझी समितीला हात जोडून विनंती आहे.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास अथवा कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!