मिरवणुकीचा परवाना

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



गेल्या वर्षी आपल्या शाळेची प्रभात फेरी निघाली, तेव्हा तिच्या परवानगीचा अर्ज लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. वकिलाला फुकट कामे अशीच मिळतात. मी अर्ज लिहीत असताना नववीतील एका मुलीने विचारले, "सर, रस्ता सर्वांचा आहे ना? मग त्यावरून चालायला परवानगी कशाला?" मी घाईत होतो. "कायदा आहे, बेटा," एवढे बोलून मोकळा झालो. पण हे काही उत्तर नव्हे, हे मलाही ठाऊक होते. आज त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे म्हणून उभा आहे.

प्रथम परवान्याची बाजू ऐका. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात मँचेस्टर नावाचे शहर आहे. तेथे जुलै १९३९ मध्ये 'जेहोवाचे साक्षीदार' या पंथाची ८८ माणसे फलक घेऊन, लहान लहान गट करून, एकामागे एक अशी फुटपाथवरून फिरली. परवाना त्यांनी काढला नव्हता. खटला झाला आणि तो थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९४१ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले की नगराला परवाना मागता येतो. एकाच वेळी दोन मिरवणुका एकाच चौकात येऊ नयेत, रहदारी वळवावी लागेल तर आधी कळावे, बंदोबस्त ठेवता यावा, एवढ्यासाठी वेळ, जागा आणि रीत ठरवून देणे योग्य आहे. मात्र परवाना देणाऱ्याने याहून अधिक काही पाहू नये आणि सर्वांना एकच माप लावावे, अशी अट त्या निकालात गृहीत आहे.

म्हणजे आपल्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले. रस्ता सर्वांचा आहे म्हणूनच परवाना. तो दवाखान्यात निघालेल्या रोग्याचाही आहे आणि भाजीच्या गाडीवाल्याचाही.

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी मी आपणांस अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरी नेतो.

तेथे नगराचा नियम होता. क्रमांक ११५९. मिरवणूक काढावयाची तर शहराचा कारभार पाहणाऱ्या आयुक्त मंडळाचा लेखी परवाना हवा. येथवर ठीक. पण नकार कशावरून द्यावा? तर लोककल्याण, शांतता, सुरक्षितता, आरोग्य, सभ्यता, सुव्यवस्था, नीती किंवा सोय यांसाठी नकार देणे मंडळाला आवश्यक वाटले तर! एवढ्या मोठ्या यादीत जगातील कोणता नकार बसणार नाही? दोन शेजाऱ्यांना तोच अर्ज, तोच रस्ता, तीच वेळ. एकाला मिळेल, दुसऱ्याला मिळणार नाही, आणि दोन्ही वेळा नियम पाळलाच गेला असे म्हणता येईल.

१९६३ च्या एप्रिलमध्ये वर्णभेदाविरुद्ध चळवळ करणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या वतीने परवाना मागितला गेला. पोलीस खाते ज्यांच्याकडे होते त्या आयुक्त कॉनर यांनी विचारणाऱ्या बाईंना साफ नकार दिला आणि वर तुरुंगाची वाट दाखविण्याची भाषा केली. मग पाद्री फ्रेड शटल्सवर्थ यांनी तार केली. उत्तर आले की एकट्या आयुक्ताला हा अधिकार नाही, पूर्ण मंडळाकडे मागा. सरकारी कचेरीच्या खिडक्या मोजणाऱ्या आपल्या पालकांना हे उत्तर ओळखीचे वाटेल.

१० एप्रिलला नगराने राज्याच्या कोर्टातून मनाई हुकूम मिळविला. १२ तारखेला गुड फ्रायडे होता. त्या दुपारी एका चर्चमधून ५२ माणसे निघाली. फुटपाथवरून, बहुतेक दोन-दोनच्या जोडीने, चार गल्ल्या चालली. सिग्नल पाळले, एकही मोटार अडली नाही. तरीही सर्वांना अटक झाली. शटल्सवर्थ यांना ९० दिवस सक्तमजुरी झाली. शिवाय ७५ डॉलर दंड आणि २४ डॉलर खर्च न भरल्यास आणखी ४८ दिवस. चार गल्ल्या चालण्याबद्दल! मार्टिन ल्यूथर किंग याच दिवशी पकडले गेले. तुरुंगातून लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात त्यांनी असा मुद्दा मांडला आहे की मिरवणुकीला परवाना मागणारा नियम मुळात वाईट नाही. तो वर्णभेद टिकविण्यासाठी आणि नागरिकांचा शांततेने दाद मागण्याचा हक्क नाकारण्यासाठी वापरला की अन्यायाचा होतो. अटकेत असलेल्या माणसाने ही बारीक रेघ सोडली नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता विद्यार्थ्यांनी कान द्यावेत, कारण पुढचा भाग कायद्याच्या पुस्तकातही लोक गोंधळून वाचतात. त्या मोर्चातून दोन वेगळे खटले झाले. एक नियम मोडल्याचा, दुसरा कोर्टाचा मनाई हुकूम मोडल्याचा. हुकुमाचा खटला १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी चळवळीच्या विरुद्ध गेला. हुकूम चूक वाटला तर चालण्यापूर्वी तो कोर्टात जाऊन उठवून घ्यावयास हवा होता, असे बहुमत म्हणाले. किंग आणि त्यांचे सहकारी प्रत्येकी पाच दिवस तुरुंग व ५० डॉलर दंड चुकवू शकले नाहीत. नियमाचा खटला मार्च १९६९ मध्ये सुटला. न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी लिहिले की नकाराला नेमकी, वस्तुनिष्ठ मोजमापे नसतील तर असा नियम घटनाबाह्य आहे आणि अशा नियमापुढे माणसाने मान तुकविण्याचे बंधन नाही. शटल्सवर्थ सुटले. सहा वर्षे लागली. किंग यांची हत्या १९६८ मध्येच झाली होती.

माणूस तोच, चालणे तेच. नियमाच्या खटल्यात सुटका आणि हुकमाच्या खटल्यात तुरुंग. मला १९६७ चा निकाल पटत नाही, हे सांगून टाकतो. दोन दिवस आधी निघालेला हुकूम उठविण्यास वेळ होता कोठे? पण न पटणारा निकालही शिकवून जातो.

आणि हे माप केवळ आपल्या आवडत्या माणसांसाठी नाही. जॉर्जियातील फोर्साइथ काउंटीने मिरवणुकीसाठी दिवसाला १,००० डॉलरपर्यंत फी ठेवली होती, आणि किती लावावी हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. ती फी १९९२ मध्ये रद्द झाली ती किंग यांच्या नावाच्या सुटीला विरोध करणाऱ्या गटाच्या खटल्यात. विरोधकांच्या संतापावरून बोलणाऱ्याची फी ठरू नये, असे न्यायालय म्हणाले.

आपल्याकडे काय? प्रिव्ही कौन्सिलने १९२४ सालीच, संयुक्त प्रांतातील औरंगाबाद गावच्या (आपल्या मराठवाड्यातील नव्हे) मोहरमच्या मिरवणुकीच्या वादात, सार्वजनिक रस्त्याने धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क मान्य केला. रहदारीचे नियम आणि दंडाधिकाऱ्याचे कायदेशीर हुकूम यांना अधीन राहून. वादी-प्रतिवादी शिया आणि सुन्नी होते, म्हणजे दोन्हीकडे आपलीच माणसे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, कलम ३३ खाली मिरवणुकीचा मार्ग, क्रम आणि वेळ ठरविण्याचा अधिकार दिला आहे. याच कायद्याखाली अहमदाबादेत रस्त्यावरील सभेसाठी एक नियम क्रमांक ७ होता. हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तो रद्द केला. कारण बर्मिंगहॅमचेच: परवानगी केव्हा नाकारावी हे नियमात कोठेच सांगितले नव्हते. मूळ कलम मात्र न्यायालयाने कायम ठेवले.

कलम ३७ चा मनाई हुकूम आपल्या ओळखीचा आहे. सुव्यवस्थेसाठी जमाव व मिरवणुकीवर घातलेली बंदी राज्य सरकारच्या मंजुरीवाचून १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. हुकमाची तारीख वाचण्याची सवय ठेवा.

तेव्हा आपल्या त्या मुलीला मी आता असे सांगेन. अर्ज वेळेवर दे. त्यात वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, स्वयंसेवकांची नावे लिही; ध्वनिक्षेपक असेल तर तेही लिही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद, हे ध्यानात ठेव. दुसऱ्या प्रतीवर पोच घे, शिक्क्यासह. नकार आला तर कारण लेखी माग. "वरून सांगितले आहे" हे कारण नव्हे. कारण रहदारीचे असेल तर दुसरा मार्ग सुचव. आमच्या फेरीला बाजारपेठ टाळून शाळेच्या मागच्या रस्त्याने जाण्यास सांगितले, ते आम्ही मान्य केले आणि काही बिघडले नाही. पण कारण आपण कोण आहोत हे असेल, तर तो कागद जपून ठेव आणि फेरीच्या दिवसाआधी वकिलाकडे ये. फी पडणार नाही.