माया लोकांची शुक्रगणना

दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी कित्येक शतके मध्य अमेरिकेतील माया लोकांनी शुक्राची गती नुसत्या डोळ्यांनी मोजून ठेवली होती. जर्मनीत ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात असलेल्या त्यांच्या पोथीत शुक्राच्या एका प्रातःकालीन उदयापासून पुढच्या तशाच उदयापर्यंतचे आवर्तन ५८४ दिवसांचे धरले आहे. आजचे सरासरी मान ५८३.९२ दिवस! अशी पाच आवर्तने म्हणजे ३६५ दिवसांची बरोबर आठ वर्षे, आणि ६५ आवर्तने म्हणजे १०४ वर्षे. एवढ्या अवधीत गणित सुमारे पाच दिवसांनी ढळते, हेही त्या ज्योतिर्विदांच्या ध्यानी आले होते. दुरुस्तीची सोय पोथीतच आहे.

इतक्या सायासांचे कारण तिच्यातील चित्रांवरून उमगते. पहाटे पुन्हा प्रकटणारा शुक्र तेथे भालाईत देवतेच्या रूपात उभा असून खाली कोणी विद्ध होऊन पडलेला आहे. तो घातक दिवस आधी कळणे अगत्याचे होते. भीतीने एवढे चोख गणित शिकवावे, हे नवलच.

१५६२ साली युकातानमधील मानी येथे दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मोपदेशकाने माया पोथ्यांची होळी केली. आज अवघ्या चार उरल्या आहेत. ड्रेस्डेनचे ग्रंथपाल फोर्स्टेमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केवळ अंक जुळवीत शुक्राचा हा हिशेब उलगडला.