पुरातील शेजारधर्म



२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने आपले हैदराबाद उद्ध्वस्त केले. अफझलगंजातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० जण वाचले. ज्यांना चढणे शक्य नव्हते, त्या वृद्धांचे, आजाऱ्यांचे काय झाले असेल?

पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये वस्त्यांत पाणी शिरलेच. शेजारी एकट्या राहणाऱ्या आजींना जिना चढवत नाही, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून पाणी वाढू लागताच प्रथम त्यांचे दार ठोठवा, त्यांना वर न्या; आणि पूर ओसरल्यावरही विचारपूस करण्यास विसरू नका. एवढा शेजारधर्म आपण पाळावा, ही विनंती.