समुपदेशन कक्षातील पाऊण तास



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. पाऊण तासात एकच रुग्ण, हा हिशेब आम्हांस पटेना. वेळ निम्मी करण्याचे पत्रकही आम्ही काढले. तेव्हा समुपदेशकांनी अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली व महाराष्ट्रात किशोर फडके यांनी रुजविलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आम्हांस समजावली. बजाजनगरात भाड्याच्या खोलीत राहणारा, कामावरून कमी झालेला कामगार म्हणतो, 'नोकरी गेली, म्हणजे मी नालायक.' पहिली घटना, दुसरा त्याचा निष्कर्ष. समुपदेशक उपदेश करीत नाहीत. निष्कर्षाला पुरावा काय, असे विचारून थांबतात. उत्तर त्यानेच शोधायचे असते. (ही स्तब्धता आम्ही वाया गेलेल्या वेळेत धरली होती!)

पत्रक आम्ही मागे घेतले आहे. या कक्षाची तूट यंदाही जमाखर्चात दिसेल; विश्वस्तांनी ती मान्य करावी, ही विनंती.