परसदार गेले, कुंडी राहिली



आज मी बोलणार आहे ते कढीलिंबाविषयी आणि त्याच्या पाच सोबत्यांविषयी. विषय लहान आहे. परंतु ज्या घरात रोज फोडणी होते, त्या घराला तो परका नाही.

पूर्वी घराला परसदार असे. मोरीच्या पाण्यावर अळू आणि गवती चहा वाढे, कोपऱ्यात कढीलिंब असे. आज परसदार गेले, गॅलरी राहिली. आणि परसदाराबरोबर ती विद्याही गेली. भाजीवाली चार काड्या फुकट घालते, म्हणून आपणांस चिंता वाटत नाही. पण त्यांवर काय फवारले होते, हे कोण विचारतो? भारतातून येणारा कढीलिंब कीटकनाशकांच्या अंशासाठी विशेष तपासावा, असे युरोपीय संघाने २०१० नंतरच्या दशकात ठरविले. आपल्या ताटातला कोण तपासतो?

तेव्हा तो घरीच लावावा, हे उत्तम. मात्र एक कबुली देतो. मी स्वतः तीन रोपे मारली आहेत, आणि तीही प्रेमाने! कुंडीच्या बुडाला भोक नव्हते आणि मी रोज पाणी घालीत होतो. शेवटी शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "अहो, आधी मातीत बोट घालून बघा, कोरडे लागले तरच पाणी." चौथे रोप जगले.

कढीलिंबाचे बी ताजे असतानाच गर काढून लावावे. वाळले की ते उगवत नाही. जुन्या झाडाच्या मुळाशी येणारे फुटवेही लावता येतात. रोप हातभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले, तर ते नीट पाहावे. ती बहुधा फुलपाखराची अळी असते. कढीलिंब हा लिंबाचा भाऊबंद, म्हणून लिंबावरची अळी त्यालाही खाते. तिला हाताने वेचावे; औषध फवारायचे, तर घरी लावल्याचा उपयोग काय?

आता सोबती. प्रत्येकाचा स्वभाव निराळा, हे विसरू नये. पुदिन्याला ओल आणि थोडी सावली हवी; तो पसरतो, म्हणून त्याला उथळ, रुंद कुंडी द्यावी. पानओव्याची पाने जाड, त्यांतच पाणी साठलेले. त्याला फार पाणी घातले की तो कुजतो. गवती चहाला भरपूर ऊन लागते; पाती बुडापासून चार बोटे ठेवून कापावी, म्हणजे पुन्हा फुटते. कोथिंबीर मात्र थंडीची. या वैशाखात पेराल तर पाला कमी आणि फुले लवकर. तिला दिवाळीनंतर बोलवावे.

माती दोन भाग, कुजलेले शेणखत एक भाग, वाळू एक भाग. आणि भोकावर खापरीचा तुकडा. यापलीकडे गुह्य काही नाही.

पाचवा सोबती हळद. अक्षय्य तृतीयेला हळद लावण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या दिवशी एक डोळे फुटलेले कुडे कुंडीत पुरा. श्रावणात तिची पाने हाती येतील आणि नागपंचमीच्या पातोळ्या घरच्या पानांत उकडतील. त्या वेळी घरातल्या मुलाला पान तोडायला पाठवा. त्याला ते कोठून तोडायचे हे ठाऊक असले, तर विद्या गेली नाही असे समजावे.