अद्भुताच्या गोष्टी आणि माझा चोविसांचा संकल्प
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे लग्न, संसार आणि मुले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कुणी ठेवू नये. गेल्या वर्षी मी काय वाचले आणि कुठे चुकले, एवढेच सांगणार आहे.

गेल्या संक्रांतीला मी संकल्प केला, की वर्षात चोवीस पुस्तके वाचायची, महिन्याला दोन. पुस्तक संपले की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर खूण करायची. मुलगी वाचनालयातून पुस्तके आणून देई. मला आवड अद्भुतरम्य कादंबऱ्यांची. काहीजणी म्हणाल्या, "या वयात राक्षस आणि चेटकिणी कशाला? त्यापेक्षा पोथी वाचावी." पोथी मीही वाचते. आपण टाळगाव चिखलीच्या लेकीसुना. तुकोबांची गाथा इंद्रायणीने तारली, हे ऐकतच आपण संसार केले. ती श्रद्धेची गोष्ट. तिला कादंबरीच्या पंक्तीला बसवायचे नाही. परंतु कल्पनेच्या गोष्टीनेही माणसाला आधार मिळतो, हे मी घरात पाहिले आहे.

वैशाखात सासूबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. त्यांचे सर्व अंथरुणावर करता करता माझे वाचन मागे पडले. आषाढ आला तरी खुणा सातच! मग मी पातळ पातळ पुस्तके निवडू लागले, पाने नुसती चाळू लागले आणि, सांगायला लाज वाटते, दोन पुस्तकांच्या खुणा न वाचताच केल्या. एके दुपारी सासूबाईंनी विचारले, "अगं, कालच्या त्या पुस्तकात झालं काय गं?" मला उत्तर देता येईना. त्या काही बोलल्या नाहीत. मी मात्र उठून त्या दोन्ही खुणा खोडल्या.

त्या दिवसापासून मी त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचू लागले. पहिली घेतली नाथमाधवांची 'वीरधवल'. शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी. भाषा जुनी, पण एकदा गोडी लागली की सुटत नाही. नाथमाधव शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखाली अपंग झाले. त्यांचे पुढचे लिखाण तशाच अवस्थेतले. १९२८ साली ते वारले. हे मी सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे माझ्यासारखाच की गं!" आणि उशीला टेकून बसल्या.

मग 'हॅरी पॉटर आणि परीस' घेतले. मूळ इंग्रजी पुस्तक १९९७ सालचे, जे. के. रोलिंग या बाईंनी लिहिलेले. जिन्याखालच्या कपाटात वाढलेला हा पोरका मुलगा जादूच्या शाळेत जातो. तेथे एक आरसा आहे. त्यात माणसाला आपल्या मनातली सर्वांत खोल इच्छा दिसते. हॅरीला त्यात आपले मेलेले आईबाप दिसतात. एवढे वाचले आणि सासूबाई म्हणाल्या, "थांब जरा." त्यांची थोरली लेक लहानपणीच तापाने गेली. माझ्या बावीस वर्षांच्या संसारात त्या तिच्याविषयी कधी बोलल्या नव्हत्या. त्या दुपारी दोन तास बोलल्या. पुस्तक तसेच मिटून राहिले. खूण आठवडाभर लांबली, पण त्याचे मला वाईट वाटले नाही.

श्रावणात 'स्वामी मुद्रिकांचा' सुरू केले, ते दिवाळीच्या फराळापर्यंत चालले. टोल्किन यांची ही कथा मूळ १९५४-५५ सालची. मुग्धा कर्णिक यांनी ती मराठीत आणली आहे. यातला नायक काही मिळवायला निघत नाही. एक घातक अंगठी आगीच्या डोंगरात टाकून द्यायला निघतो. त्याचा सोबती सॅम हा माळी. तो वाटेत स्वयंपाक करतो, आणि शेवटी चालवेना तेव्हा आपली भांडी दरीत फेकतो. लढायांपेक्षा ती भांडी टाकताना माझ्या जिवाला अधिक लागले.

कुणाला काय वाचावे असा प्रश्न पडेल. घरात मुले असतील तर 'परीस' घ्यावे. भीतीची हौस असेल तर नारायण धारप. २०१८ साली टीव्हीवर लागलेली 'ग्रहण' मालिका त्यांच्याच कादंबरीवरून होती. मात्र रात्री एकटीने वाचू नये! अमीश त्रिपाठी यांची मेलुहाची कादंबरी मूळ इंग्रजीत २०१० साली निघाली आणि मराठीतही आली आहे. तीत शिवाला माणूस कल्पिले आहे. कुणाला ते रुचणार नाही. मला मात्र वाचून देव दूर गेलासा वाटला नाही.

वर्षअखेर चोविसांच्या जागी चौदाच खुणा झाल्या. पण त्या चौदांतले कोणतेही पुस्तक विचारा, गोष्ट सांगेन. सासूबाई आता काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात आणि "आज काय वाचायचं?" म्हणून त्याच विचारतात.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. दर बुधवारी दुपारी अर्धा तास एकीने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. आणि आपल्यापैकी जिच्या घरी कुणी अंथरुणाला खिळले असेल, तिच्या घरी ही बैठक भरवावी. पहिल्या बुधवारी मी वाचीन.